मुलापर्यंत पोचणारा नियम
(चिटगुप्पा येथे दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते तुमचे होते. त्यांच्याबद्दल मी तुम्हाला काय सांगावं? त्यांची हयात मुलांमध्ये गेली, म्हणून मी विषयही मुलांचाच घेतला आहे. बालगृहं, अनाथाश्रम, पाळणाघरं, अंगणवाड्या, म्हणजे आईबापांच्या गैरहजेरीत जिथं जिथं मूल वाढतं, त्या जागांवर सरकारनं नजर कशी ठेवावी आणि त्यासाठी केलेल्या नियमांपैकी कोणते आता काढून टाकावेत, याबद्दल आज बोलायचं आहे.

माझं म्हणणं आधीच सांगते, म्हणजे नंतर वाद घालायला तुम्हाला सोयीचं जाईल. हे नियम बरेच कमी करायला हवेत असं माझं मत आहे. पण नियम कमी केले म्हणजे देखरेख सैल केली, असं मी मानत नाही. आज देखरेखीला मिळालेला सगळा वेळ कागद खाऊन टाकतो आणि मुलाकडं बघायला कुणाला सवड उरत नाही. जो नियम मुलापर्यंत पोचतो तो ठेवावा, लागला तर आणखी कडक करावा. जो एका कचेरीतून निघून दुसऱ्या कचेरीतच थांबतो, तो रद्द करावा.

आपल्या भागानं कायद्यांची उलथापालथ जितकी पाहिली तितकी फार थोड्यांनी पाहिली असेल. सप्टेंबर १९४८ पर्यंत इथं निजामाचा अंमल होता. मग हैदराबाद राज्य आलं आणि त्यानं १९५१ मध्ये स्वतःचा बालक कायदा केला. १ नोव्हेंबर १९५६ ला बिदर जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मराठवाड्याबरोबर गेले, जहिराबाद आणि नारायणखेड तेलुगू मुलखात, आणि बिदर, भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात. चिटगुप्पा तेव्हा हुमनाबादचाच भाग. १९६४ मध्ये म्हैसूरचा बालक कायदा आला. १९८६ मध्ये संसदेनं साऱ्या देशासाठी बाल न्याय कायदा केला, २००० मध्ये दुसरा, २०१५ मध्ये तिसरा. मी उदगीरची. माझ्या आजोळचे निम्मे लोक या बाजूला आहेत. एकाच घराण्यातल्या दोन भावांची मुलं दोन राज्यांच्या महिला व बालकल्याण खात्यांकडं, दोन वेगळ्या फॉर्मांवर, दोन भाषांत नोंदली जातात. तेव्हा नियम म्हणजे काय आणि तो बदलला की माणसाला किती हेलपाटे पडतात, हे तुम्हाला मी समजावून सांगण्याची गरज नाही.

नियम नव्हते तेव्हाही मुलं सांभाळली जात होती, हेही लक्षात ठेवू. जोतीराव फुल्यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. आपण वारीला जातो त्या पंढरपुरात प्रार्थना समाजाच्या मंडळींनी १८७५ मध्ये टाकून दिलेल्या मुलांसाठी बालकाश्रम सुरू केला. त्यांना परवाना कुणी मागितला नाही. समाजाच्या शिव्या खाल्ल्या, पण फॉर्म भरावा लागला नाही. म्हणून परवाना नकोच, असं मात्र मी म्हणणार नाही. फुल्यांच्या घरी मूल सुरक्षित होतं, कारण तिथं सावित्रीबाई होत्या. प्रत्येक आश्रमात त्या असतील हे गृहीत धरता येत नाही. दारामागं काय चालतं हे बाहेरच्या कुणीतरी बघायलाच हवं, एवढ्यासाठी कायदा आला. तो योग्यच होता.

घोळ झाला तो पुढं. १९५६ मध्ये संसदेनं महिला व बालकांच्या संस्थांसाठी परवान्याचा कायदा केला. चारच वर्षांनी, १९६० मध्ये, अनाथालयं आणि इतर धर्मादाय गृहांवर देखरेख ठेवणारा दुसरा कायदा केला, त्यात नियंत्रण मंडळ आणि मान्यतेचं प्रमाणपत्र. २००० च्या बाल न्याय कायद्यात २००६ मध्ये दुरुस्ती झाली आणि प्रत्येक संस्थेनं सहा महिन्यांत त्याखाली नोंदणी करावी असं ठरलं. म्हणजे एकीकडं परवाना, दुसरीकडं मान्यता, तिसरीकडं नोंदणी. शिवाय न्यास म्हणून किंवा सोसायटी म्हणून जी नोंद करावी लागते ती वेगळीच. चारही ठिकाणी विचारणा तीच: इमारत कुणाची, मुलं किती, चालवतो कोण, पैसा कुठून येतो.

तुम्ही म्हणाल, असू द्या की, जितकी कुलपं तितकं घर सुरक्षित. प्रत्यक्षात उलटं झालं. नोंदणीची चार दारं असली की संस्था त्यातल्या सर्वात सैल दारातून आत येते. 'आम्ही नोंदलेले आहोत' एवढं म्हटलं की पुरायचं. कोणत्या कायद्याखाली, हे कुणी विचारायचं नाही. केंद्र सरकारनं देशभरातल्या अशा संस्थांची मोजदाद करवून घेतली, तिचा अहवाल २०१८ मध्ये बाहेर आला. ९,५८९ संस्था सापडल्या. त्यातल्या बाल न्याय कायद्याखाली नोंदलेल्या जेमतेम ३२ टक्के. बाकीच्या दुसऱ्या कुठल्या कायद्याच्या आडोशाला, किंवा कुठंच नाही. साठ वर्षं एकावर एक कायदे रचून आपल्या पदरात काय पडलं, तर हे.

२०१५ च्या कायद्यानं हे ओळखलं. त्याचं ४१ वं कलम म्हणतं की दुसऱ्या कोणत्याही कायद्यात काहीही असलं तरी मुलांची प्रत्येक संस्था याच कायद्याखाली नोंदली पाहिजे. न नोंदवणाऱ्याला ४२ व्या कलमात एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड. हे चांगलं झालं. पण त्याच कायद्याचं शेवटाकडचं १११ वं कलम उघडून बघा. त्यानं रद्द केला तो फक्त २००० चा कायदा. १९५६ आणि १९६० च्या कायद्यांचं काय करायचं, याबद्दल तिथं एक ओळ नाही. केरळात तर कित्येक अनाथालयं १९६० च्या कायद्याखालच्या मंडळाकडं नोंदलेली होती, त्यांनी नव्या नोंदणीला विरोध केला. शेवटी सर्वोच्च न्यायालयाला मे २०१७ मध्ये सांगावं लागलं की वर्षअखेरीपर्यंत सगळ्या संस्थांची नोंदणी झालीच पाहिजे. एका ओळीचं काम होतं. कायदा करणाऱ्यांनी ती ओळ लिहिली असती तर मुलांची दोन वर्षं कज्जेदलालीत गेली नसती.

नवा नियम करताना तो कोणता जुना नियम संपवतो, हे त्याच कागदावर लिहायचं बंधन सरकारनं स्वतःवर घालून घ्यावं. मला हवी असलेली पहिली सुधारणा हीच आहे.

आता बालगृहाच्या आत जाऊ. बाल न्याय कायद्याखालच्या २०१६ च्या आदर्श नियमांत मुलाच्या झोपण्याच्या जागेपासून पांघरुणापर्यंत सारं लिहिलेलं आहे. पंचवीस मुलांच्या शयनगृहाला हजार चौरस फूट जागा, आजारी मुलासाठी वेगळी खोली, आठवड्याचा आहार, कपड्यांचे जोड किती. हे वाचून कुणी हसू नये. १६ जुलै २००४ ला तमिळनाडूत कुंभकोणम इथं शाळेच्या गवती छपराला आग लागली आणि ९४ मुलं होरपळून मेली. एकाच इमारतीत तीन शाळा कोंबल्या होत्या. छप्पर कशाचं असावं, जिना किती रुंद असावा, हे नियम कुणाला क्षुल्लक वाटत असतील तर त्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी. नियम कमी करायला निघालेल्या माणसाची कात्री पहिल्यांदा अशाच नियमांवर जाते, कारण ते पाळायला पैसे लागतात. त्यांना हात लावू नये.

राष्ट्रीय बालहक्क आयोगानं २०१८-१९ मध्ये सात हजारांहून अधिक संस्थांची पाहणी केली. त्यात २९ टक्के संस्थांच्या कारभारात मोठ्या त्रुटी निघाल्या, आणि कायद्याचं शंभर टक्के पालन करणारी संस्था एकही सापडली नाही. एकही नाही! या वाक्याचा अर्थ नीट बघा. देशातली सर्वात चांगली, सर्वात मायेनं चालवलेली संस्थासुद्धा कुठल्या तरी नियमात अडकतेच. म्हणजे तपासायला आलेल्या माणसानं मनात आणलं तर तो कुणालाही पकडू शकतो, आणि मनात आणलं तर कुणालाही सोडू शकतो. सगळेच दोषी असले की खरा दोषी गर्दीत दिसेनासा होतो. नको असलेल्या नियमांनी चांगल्या माणसाला नुसता त्रास होतो असं नाही, वाईट माणसाला त्यांच्या आड लपायला जागाही मिळते.

बरं, तपासायला येतात कोण? कायद्याप्रमाणे जिल्हा तपासणी समितीनं दर तीन महिन्यांत एकदा यायचं, किमान तिघांनी, त्यात एक स्त्री आणि एक डॉक्टर. बालकल्याण समितीनं महिन्यातून दोन भेटी द्यायच्या. जिल्हा बाल संरक्षण कक्ष येतो, राज्याचा बालहक्क आयोग येतो, अनुदान देणारं खातं येतं. प्रत्येकाचा तक्ता वेगळा. एका बालगृहात मी भेटींची वही चाळली होती. पानामागून पान सह्या, तारखा, शिक्के, आणि शेऱ्याच्या रकान्यात 'स्वच्छता समाधानकारक, नोंदी अद्ययावत'. मुलांशी काय बोलणं झालं, याची नोंद शोधली. सापडली नाही. अधीक्षकबाई भल्या होत्या. म्हणाल्या, "ताई, येणाऱ्या साहेबांना नोंदवह्या दाखवण्यातच दोन तास जातात, मग त्यांची गाडी निघते."

बिहारमधल्या मुझफ्फरपूरचं बालगृहही सरकारच्या नोंदीत होतं, सरकारी अनुदानावर चालत होतं. कागद जागच्या जागी होते. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या 'कोशिश' गटानं बिहारमधल्या ११० संस्थांचं सामाजिक अंकेक्षण केलं, २०१८ मध्ये अहवाल दिला, आणि त्या घरातल्या मुलींवर होणारे अत्याचार उजेडात आले. या तरुण मंडळींकडं पोलिसांचे अधिकार नव्हते, झडतीचे नव्हते. ते मुलींशेजारी बसले आणि बोलले. पुढं २०२० च्या फेब्रुवारीत दिल्लीच्या न्यायालयानं मुख्य आरोपीला जन्मठेप दिली. इतक्या सरकारी नोंदवह्यांना जे दिसलं नाही ते एका संभाषणाला दिसलं.

म्हणून सांगते, त्याच आदर्श नियमांत एक लहानसा नियम आहे, तो माझ्या मते सगळ्यांत मोलाचा. प्रत्येक बालगृहात मुलांसाठी सूचनापेटी असावी. ती कचेरीपासून लांब आणि मुलांच्या झोपण्याच्या खोल्यांजवळ असावी, आणि ती ठरलेल्या वेळी उघडली जावी. ज्यानं हे लिहिलं त्याला मूल कळलेलं होतं. रात्री पाणी प्यायला उठलेल्या मुलीला कुणाच्या नजरेत न येता चिठ्ठी टाकता यावी, इतका विचार त्यामागं आहे. मी पाहिलेल्या पेट्यांपैकी बऱ्याच अधीक्षकांच्या दाराशेजारी, तसबिरीखाली, टांगलेल्या होत्या, आणि एकीच्या कुलपाला गंज चढला होता. तपासणीच्या तक्त्यात 'सूचनापेटी आहे काय' असा रकाना असतो. उत्तर 'होय'. नियम पाळला गेला.

आणखी एक असाच नियम तुम्ही या जिल्ह्यात पाहिला आहे. जानेवारी २०२० मध्ये बिदर शहरातल्या एका शाळेत एका नाटकावरून गुन्हा दाखल झाला आणि पोलीस गणवेशात जाऊन लहान मुलांची चौकशी करत बसले. नाटकाबद्दल तुमचं मत काहीही असो. त्या आदर्श नियमांतला ८६ वा नियम सांगतो की मुलांशी बोलताना पोलिसानं होता होईल तो साध्या कपड्यांत असावं. कर्नाटक उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२१ मध्ये म्हटलं की इथं या नियमाचा आणि मुलांच्या हक्कांचा प्रथमदर्शनी गंभीर भंग दिसतो. छापायला दोन ओळी लागणारा नियम. त्याच्यासाठी कुठली वही नाही, ॲप नाही. पण तो मोडला की नऊ-दहा वर्षांच्या मुलाच्या छातीत काय होतं ते सांगायला नको.

आता अंगणवाडीकडं येते. इथं मी जास्त थांबणार आहे, कारण बालगृह जिल्ह्यात एखाददुसरं असतं आणि अंगणवाडी तुमच्या गल्लीत आहे.

अंगणवाडीची कल्पना आपल्या मराठी मातीतली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ठाणे जिल्ह्यात बोर्डीला आणि मग कोसबाडला, शाळेत न येणाऱ्या मुलांच्या अंगणातच शाळा नेली. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्रानं एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली, तेव्हा देशभर हेच नाव गेलं. ताराबाईंच्या अंगणात मूल आधी होतं, वही नंतर.

आज काय आहे? २०१२ च्या सुमाराला आधीचा पसारा आवरून अकरा वह्या ठरल्या. कुटुंबाची माहिती, पूरक आहाराचं वाटप, आहाराचा साठा, पूर्वप्राथमिक शिक्षण, गरोदरपण आणि बाळंतपण, लसीकरण, जीवनसत्त्व अ, संदर्भसेवा, गृहभेटी, महिन्याचा गोषवारा, वजन. आवरल्यानंतर अकरा, हे ध्यानात घ्या. मग २०२१ पासून पोषण ट्रॅकर हे ॲप आलं. ॲप आलं की वह्या जातील असं बायांना वाटलं होतं. अनेक ठिकाणी वह्या राहिल्या आणि वर ॲप बसलं. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रात हजारो अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाईल परत नेऊन दिले. फोन बंद पडतात, आमच्या भाषेत ॲप नाही, दुरुस्ती पदरमोड करून करावी लागते, असं त्यांचं म्हणणं होतं. लोकांनी त्याला आंदोलन म्हटलं. मला ते या विषयावरचं सर्वात प्रामाणिक निवेदन वाटतं. १ जुलै २०२५ पासून तर घरी नेण्याचा आहार देताना घेणारीचा चेहरा फोननं ओळखावा लागतो. आधारवरचा फोटो जुना असतो, रेंज नसते, बाळंतीण बाई डोक्यावरचा पदर सारून पुन्हा पुन्हा फोनपुढं बसते.

एक सकाळ सांगते. सीमेजवळच्या एका अंगणवाडीत मी बसले होते. एक मूल काट्यावर उभं केलं. बाईंनी वजन वाचलं, वजनाच्या वहीत लिहिलं, माता-बाल कार्डावर ठिपका दिला, मासिक गोषवाऱ्यासाठी मागच्या पानावर पेन्सिलनं टिपलं, फोन उघडला, रेंज येईना म्हणून दाराशी गेल्या, तिथं भरलं. वजन एकच, नोंदी चार. तेवढ्यात ते मूल काट्यावरून उतरून भिंतीशी जाऊन बसलं होतं. त्याच्या पायावरची सूज आयानं दाखवली तेव्हा बाईंचं लक्ष गेलं. बाई निष्काळजी नव्हत्या. त्यांच्या दोन्ही हातांत नोंदी होत्या. पायावरची सूज हे कुपोषणाचं लक्षण असू शकतं, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

त्या चार नोंदींपैकी दोन रद्द करा, असं मी म्हणते. कोणत्या ठेवायच्या? आईच्या हातात राहते ती, म्हणजे कार्ड, आणि जिच्यावरून डॉक्टर हलतो ती. मूल ऊसतोडीला किंवा हैदराबाद-पुण्याला बांधकामावर आईबापांबरोबर गेलं तर कार्ड त्याच्याबरोबर जातं. कचेरीला महिन्याचा गोषवारा हवा असेल तर तो ॲपमधून आपोआप निघावा, बाईंनी पुन्हा लिहू नये.

रद्द करताना घाई झाली की काय होतं, याचंही उदाहरण ताजं आहे. कारखाने कायद्याप्रमाणे तीसहून अधिक स्त्रिया कामाला असल्या की पाळणाघर द्यावं लागे. त्यामुळं काही मालक तिसाच्या पुढं बायका घेतच नाहीत, अशी तक्रार होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत पाळणाघराची अट पन्नास कामगारांवर आली, स्त्री असो की पुरुष. मुलाची जबाबदारी एकट्या आईची नाही हे मान्य झालं, ते योग्यच. पण आपल्या कलबुर्गीकडच्या एखाद्या मध्यम गिरणीचा हिशेब मांडा. बत्तीस बायका आणि दहा पुरुष, एकूण बेचाळीस. जुन्या कायद्यानं पाळणाघर होतं, नव्यानं नाही. जुना नियम काढताना त्याच्या आधारानं कोणती मुलं कुठं झोपत होती, हे आधी जाऊन बघायला हवं होतं. आताही राज्याला नियम करून हा आकडा खाली आणता येण्याची वाट शोधता येईल, आणि ती शोधावी.

याउलट २००५ च्या रोजगार हमी कायद्याच्या अनुसूचीत एक अट होती. कामावर आलेल्या बायांबरोबर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुलं असतील तर त्यातल्या एका बाईला मुलं सांभाळण्याच्या कामावर नेमायचं, आणि तिला मजुरी द्यायची. बस, एवढंच. निरक्षर आईलाही तो नियम पाळला गेला की नाही हे कामावर उभं राहून सांगता येत असे. तो सगळीकडं पाळला गेला असं नाही, पण मोडला तर ते लपत नव्हतं. कर्नाटकानं २०२३ मध्ये पंचायतींतून 'कूसिन मने' ही पाळणाघरं काढायचं ठरवलं, त्यांच्यासाठीही नियम असेच आखावेत. पाण्याचं भांडं झाकलेलं आहे का, सांभाळणारी बाई किती मुलांमागं एक, दुपारी मूल झोपतं कुठं. आईला दारातून बघता येईल एवढंच लिहावं.

सरकारला हे जमेल का, असं कुणी विचारील. बाल न्याय कायद्याच्या ११० व्या कलमानं राज्यांना स्वतःचे नियम करायचा अधिकार दिलेला आहे. बंगळूरुला बसून फॉर्म कमी करायला दिल्लीची वाट बघावी लागत नाही. वेगवेगळ्या समित्यांनी एकाच दिवशी, एकाच तक्त्यावर तपासणी करावी आणि तो अहवाल सगळ्यांनी वापरावा. वाचलेल्या तासांत समितीतल्या स्त्री सदस्यानं मुलांशी कर्मचाऱ्यांच्या गैरहजेरीत बोलावं, आणि ते बोलणं झाल्याशिवाय तपासणी झाली असं धरू नये. सूचनापेटीची किल्ली संस्थेच्या बाहेरच्या माणसाकडं असावी. मुलगी मराठी बोलणारी असेल तर तिच्याशी मराठीत, उर्दू बोलणारी असेल तर उर्दूत बोलणारं माणूस त्या समितीत असावं. सीमेवरच्या तालुक्यांत हे सोयीसाठी मागितलेलं नाही. कळ सांगायची तर पोरं आईच्या भाषेतच सांगतात.

तुमच्या हातातली गोष्ट सांगून थांबते. इथल्या अंगणवाड्यांना बालविकास समित्या आहेत, त्यांत आया आहेत. पंचायतीत वर्षातून मुलांची ग्रामसभा, मक्कळ ग्रामसभा, भरते. पुढच्या बैठकीत अंगणवाडीच्या बाईंना विचारा की कोणती गोष्ट तुम्ही दोनदा, तीनदा लिहिता. त्या सांगतील तशी यादी करा. ग्रामसभेत मुलांना विचारा की तुमच्या वसतिगृहाची पेटी कुठं टांगली आहे. यादी आणि मुलांची उत्तरं, हे दोन कागद जोडून, कन्नडमध्ये स्वच्छ लिहून, सीडीपीओंकडं म्हणजे बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडं आणि बिदरला डीसींकडं म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडं द्या, आणि पोच घ्या. कन्नड मसुदा करून द्यायला इथले दोन शिक्षक मघाशीच तयार झाले आहेत. मी उद्या सकाळच्या गाडीपर्यंत गावात आहे. ज्या बाईंना आपल्या वह्या घेऊन यायचं असेल त्यांनी आज रात्री किंवा सकाळी यावं, आपण बसून यादी सुरू करू.